जुन्या दांड्यावर नवं स्टिअरिंग

२०१४ साली पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोत दोन बदल झाले. त्यातला एक सगळ्यांच्या नजरेत भरला, दुसरा फारसा कुणाला दिसला नाही.

न दिसलेला बदल आधी आला. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेली पोलो ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. गाडीचा सांगाडा धडकेनंतरही टिकून होता. चालकाच्या डोक्याला आणि छातीला आधार द्यायला मात्र समोर काहीच नव्हतं. पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच वेगाच्या चाचणीत चार तारे मिळाले. सांगाडा तोच असून एवढा फरक पडला होता. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणं थांबवलं.

दिसणारा बदल त्याच वर्षी नव्या रूपातल्या पोलोबरोबर आला. तीन आऱ्यांचं, तळाशी सपाट कापल्यासारखं दिसणारं नवं स्टिअरिंग. २०१० ते २०१३ या काळात पोलो किंवा व्हेंटो घेतलेल्या अनेकांना ते पाहताक्षणी आवडलं. आपली गाडी त्याच कारखान्यात तयार झालेली, त्याच पिढीची. मग हे स्टिअरिंग आपल्याही गाडीत बसायला काय हरकत आहे?

हा प्रश्न एका पोलोपुरता नाही. व्हीएक्सआय श्रेणीची स्विफ्ट चालवणाऱ्याला वरच्या झेडएक्सआयचं बटणांचं स्टिअरिंग हवं असतं, जुन्या होंडा सिटीच्या मालकाला नव्या सिटीचं खुणावतं. हौस समजण्यासारखी आहे. गाडी चालवताना माणसाचा हात सर्वांत जास्त वेळ ज्या वस्तूवर असतो, ती वस्तू म्हणजे स्टिअरिंग. आठ-दहा वर्षांत त्याचं आवरण गुळगुळीत होतं, सोलवटतं, चिकट लागतं. ते बदललं की सगळी गाडीच नवी वाटू लागते.

पण स्टिअरिंग बसतं का, या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न असतात. दांड्यावरचे दाते जुळतात का? बटणांचं म्हणणं गाडीला कळतं का? धडक झाली तर मधली एअरबॅग उघडेल का? आणि हा बदल कायद्यात बसतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की बहुतेक जण पुढचे तीन विचारतच नाहीत.

छातीसमोरचा दांडा

मोटारगाडीला सुरुवातीला गोल स्टिअरिंग नव्हतंच. नावेच्या सुकाणूला असतो तसा दांडा हातात धरून गाडी वळवली जाई. १८९४ च्या पॅरिस–रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशेराँ याने आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक बसवलं, आणि शर्यतीच्या गाडीत स्टिअरिंग वापरल्याचं हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक मानलं जातं. वेग वाढत गेले तसा सुकाणूचा दांडा मागे पडला आणि पुढच्या काही वर्षांत गोल चाक सर्वत्र रूढ झालं.

त्यानंतरची कित्येक दशकं स्टिअरिंग ही अगदी साधी वस्तू होती. एक कडं, काही आरे, मध्ये हॉर्नचं बटण. त्याचा व्यास मोठा असे, कारण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत चाकं वळवायची ताकद चालकाच्या दंडातूनच यायची. इथे हिशेब सरळ आहे. ४०० मिलिमीटर व्यासाचं स्टिअरिंग काढून ३५० मिलिमीटरचं बसवलं, तर तेवढ्याच वळणासाठी हाताला सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीला शर्यतीच्या गाडीसारखं छोटं स्टिअरिंग लावणाऱ्यांना हा हिशेब गाडी पार्क करताना खांद्यात जाणवे.

त्या काळात स्टिअरिंग बदलणं खरोखरच सोपं होतं. मधला नट काढायचा, जुनं चाक ओढून काढायचं, नवं बसवायचं, हॉर्नची एक तार जोडायची. इटलीत मोमो आणि नार्दी या नावांनी याच सोपेपणावर धंदा उभा केला. मोमोचा संस्थापक जानपिएरो मोरेत्ती हा स्वतः शर्यतीत गाडी चालवणारा होता. जॉन सर्टीसने १९६४ साली फेरारीतून फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा त्याच्या हातात मोरेत्तीचं स्टिअरिंग होतं. या कंपन्यांचं स्टिअरिंग थेट दांड्यावर बसत नाही. मध्ये एक जोडतुकडा लागतो, त्याला बाजारात बॉस किट म्हणतात. त्याची एक बाजू गाडीच्या दात्यांना जुळणारी, दुसरी स्टिअरिंगच्या सहा स्क्रूंना. त्यातही मोमोच्या स्क्रूंचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं आणि नार्दीचं ७४ मिलिमीटरचं, म्हणून एकाच्या किटवर दुसऱ्याचं स्टिअरिंग बसत नाही.

या साधेपणाची एक काळी बाजू होती. स्टिअरिंगच्या मागचा दांडा म्हणजे गाडीच्या नाकापासून चालकाच्या छातीपर्यंत रोखलेली अखंड लोखंडी सळई. समोरून धडक झाली की नाक मागे सरके आणि दांडा चालकाच्या अंगावर येई. १९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने धडकेत दबून आखूड होणारा दांडा वापरायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत त्यासंबंधीचे सुरक्षानियम लागू झाले. स्टिअरिंगने गाडी वळवायची आणि वेळ आली तर माणसाला वाचवायचंही, ही अपेक्षा तेव्हापासून नियमांत आली. आजच्या स्टिअरिंगमधली सगळी गुंतागुंत याच दुसऱ्या कामातून आली आहे.

दाते

स्टिअरिंग दांड्याच्या टोकाला लांबट, बारीक दाते असतात. स्टिअरिंगच्या मधल्या भोकात आतून तसेच दाते असतात. दोन्ही एकमेकांत घट्ट बसले की चाक दांड्यावर घसरत नाही. दात्यांची संख्या, भोकाचा व्यास आणि दांड्याचा निमुळतेपणा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. ‘जवळपास बसतंय’ असं इथे चालत नाही. लँड रोव्हर डिफेंडरचं उदाहरण या हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. या एकाच नावाच्या गाडीत काहींच्या दांड्यावर ३६ दाते आहेत, तर काहींच्या ४८. बाहेरून गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून जाणकार मालक बॉस किट मागवण्याआधी आपल्या दांड्यावरचे दाते मोजतो.

कंपन्या शक्यतो दात्यांचं माप वर्षानुवर्षं बदलत नाहीत, कारण तेच यंत्र, तोच साचा वापरणं स्वस्त पडतं. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांत स्टिअरिंग अदलाबदल होण्याची शक्यता बरीच असते. अनेक गाड्यांत दात्यांच्या रांगेत एक जागा मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, म्हणजे चाक एकाच स्थितीत बसतं आणि वाकडं बसवण्याची सोयच राहत नाही. जिथे ही खूण नसते, तिथे आधी पुढची चाकं सरळ करून दांड्यावर आणि जुन्या स्टिअरिंगवर रंगाची रेघ मारून ठेवावी लागते. तळाशी सपाट असलेल्या स्टिअरिंगमध्ये एका दात्याची चूकही लगेच दिसते. मुळातच गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं असेल, तर ते एक-दोन दाते पुढेमागे करून झाकायचं नसतं. ते टाय रॉडवरच दुरुस्त करावं लागतं.

प्रत्यक्ष काढण्याच्या कामातही शिस्त आहे. फोक्सवॅगन कुळातल्या बऱ्याच गाड्यांत मधोमध एक जाड बोल्ट असतो आणि त्याला बारा टोकांचा खास बिट लागतो. साध्या ॲलन कीने तो उघडायला गेलं की बोल्टचं डोकं खराब होतं. वर्षानुवर्षं न हललेलं स्टिअरिंग दात्यांवर घट्ट चिकटलेलं असतं. त्यामुळे मेकॅनिक बोल्ट पूर्ण काढत नाही, दोन-चार आटे अडकवून ठेवतो. जोर लावून ओढताना चाक अचानक सुटलं, तर ते तोंडावर येत नाही. बसवताना बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचा नसतो. टॉर्क रेंच लावून, त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापाने तो आवळतात. अनेक गाड्यांत हे माप ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं.

बटणं आणि तारा

स्टिअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. मग फिरणाऱ्या चाकातल्या हॉर्नची, बटणांची आणि एअरबॅगची वीज दांड्याभोवतीच्या स्थिर भागातल्या तारांपर्यंत पोहोचते कशी? जुन्या गाड्यांत पितळी कडी आणि तिच्यावर घासणारा स्पर्शक असे. हॉर्नला ते पुरेसं होतं. एअरबॅगला पुरत नाही, कारण तिथे क्षणभराचा तुटका स्पर्शही परवडत नाही. म्हणून स्टिअरिंगच्या मागे एक चपटी डबी आली. तिच्यात रिबिनीसारखी पट्टी-तार शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली असते. स्टिअरिंग एका बाजूला फिरलं की ती उलगडते, दुसऱ्या बाजूला फिरलं की आवळते. गॅरेजमध्ये तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात.

ही डबी मध्यावर असणं महत्त्वाचं आहे. साधारणपणे ती मध्यापासून दोन्ही बाजूंना अडीच-तीन वळसे देऊ शकते. स्टिअरिंग काढलेलं असताना कुणी ती सहज हाताने फिरवली आणि तशीच बसवली, तर गाडी सरळ जाताना सगळं ठीक दिसतं. मग एखाद्या दिवशी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं जातं आणि आतली पट्टी ताणून तुटते. हॉर्न वाजत नाही, बटणं मरतात, एअरबॅगचा दिवा लागतो. म्हणूनच नव्या क्लॉक स्प्रिंगला कंपनी मध्यावर कुलूप लावून पाठवते. जुनी वापरायची असेल तर ती काढल्याबरोबर चिकटपट्टीने जागच्या जागी बांधून ठेवतात.

बटणांची भाषा गाडीगणिक वेगळी असते. जपानी कंपन्यांच्या अनेक गाड्यांत पद्धत सोपी आहे. प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या मूल्याचा रेझिस्टर असतो, दोन तारांवरून स्टिरिओ तो रोध मोजतो आणि आवाज वाढवायचा की गाणं बदलायचं ते ओळखतो. त्यामुळे अशा गाड्यांत नवं स्टिअरिंग लावून, बाजारात मिळणाऱ्या अँड्रॉइड स्टिरिओला एकेक बटण ‘शिकवता’ येतं. फोक्सवॅगन कुळातल्या गाड्यांत प्रकरण वेगळं आहे. तिथे स्टिअरिंगमध्येच एक छोटा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो आणि तो एका तारेवरून लिन नावाच्या संदेश-पद्धतीत बोलतो. सेकंदाला सुमारे २० हजार बिट्सचा हा संथ, स्वस्त मार्ग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या गाडी-कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवला. तिथून संदेश बॉशने १९८६ मध्ये जगासमोर आणलेल्या कॅन या वेगवान जाळ्यावर जातो.

याचा अर्थ असा, की बटणं नसलेल्या जुन्या पोलोत बटणांचं स्टिअरिंग लावलं तर दाते बसतील, बोल्ट आवळला जाईल, आणि बटणं मुकी राहतील. त्यांना बोलतं करायला योग्य क्लॉक स्प्रिंग लागते, ते संदेश समजणारा नियंत्रक गाडीत असावा लागतो, आणि स्कॅनर जोडून गाडीला ‘आता तुझ्या स्टिअरिंगला बटणं आहेत’ असं कोडिंग करून सांगावं लागतं. स्टिअरिंग अर्ध्या तासात बसतं आणि त्यानंतरचे कितीतरी दिवस वायरिंगमध्ये जातात, असा अनुभव हौशी मंडळींना येतो तो यामुळे.

ईएसपी असलेल्या गाडीत आणखी एक पाहुणा असतो, स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर. चालकाला गाडी कुठे न्यायची आहे, हे गाडीला यावरूनच कळतं. गाडी त्या दिशेने जात नसेल तर एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून ईएसपी तिला सावरतो. काही गाड्यांत हा सेन्सर क्लॉक स्प्रिंगच्या डबीतच असतो. ती डबी बदलली आणि सेन्सरला नवा मध्य शिकवला नाही, तर सरळ रस्त्यावर गाडीला आपण वळतो आहोत असं वाटू शकतं.

साठ लिटरची पिशवी

आता मधल्या गोलाकडे. हॉर्नच्या पॅडमागे घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी, तिच्या तळाशी गॅस तयार करणारं रसायन भरलेली धातूची डबी, आणि डबीत एक विद्युत ठिणगी-पेटवा. धडक झाली की गाडीच्या मधल्या भागात बसवलेला नियंत्रक काही मिलिसेकंदांत निर्णय घेतो, पेटवा पेटतो, आणि सुमारे ३० मिलिसेकंदांत साधारण ६० लिटरची पिशवी फुगून उभी राहते. पापणी लवायला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. पिशवी बाहेर येते तेव्हा तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असू शकतो. म्हणूनच छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यामध्ये निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असं अमेरिकेची महामार्ग-सुरक्षा संस्था एनएचटीएसए सांगते. याच संस्थेच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगमुळे अमेरिकेत ५०,४५७ जीव वाचले.

एअरबॅग एकटी काम करत नाही. ती किती वेगाने, किती ताकदीने फुगावी हे त्या गाडीचं नाक कसं चेपतं, दांडा किती अंशात कलला आहे, सीटबेल्ट किती ताणला जातो, चालक किती अंतरावर बसतो यांवरून ठरवलेलं असतं. गाडी आपटून, मोजून, पुन्हा आपटून ही जुळणी केलेली असते. दुसऱ्या गाडीची एअरबॅग आणली की ही सगळी मोजमापं त्या दुसऱ्या गाडीचीच राहतात. एकाच पिढीच्या दोन पोलोंमध्ये हा धोका कमी, पण दोन वेगळ्या मॉडेलांमध्ये तो मोठा होतो. शिवाय २००० च्या आसपासपासून काही गाड्यांत दोन टप्प्यांच्या एअरबॅग आल्या. त्यांत दोन पेटवे असतात. हलक्या धडकेत एक पेटतो, जोराच्या धडकेत दोन्ही. जुन्या गाडीचा नियंत्रक एकच पेटवा ओळखतो. अशा गाडीत दोन पेटव्यांची एअरबॅग लावली, तर दुसऱ्या टप्प्याचं काय करायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं.

सर्वांत मोठी फसगत मात्र याहून साधी आहे. २०१० ते २०१३ या वर्षांतल्या खालच्या श्रेणीतल्या पोलोत एअरबॅग नव्हत्या. म्हणजे त्या गाडीत धडक ओळखणारा नियंत्रक नाही, एअरबॅगच्या तारा जोडणाऱ्या पिवळ्या कपलरची वायरिंग नाही, काहीच नाही. अशा गाडीत नव्या पोलोचं स्टिअरिंग लावलं की मधोमध ‘एअरबॅग’ ही अक्षरं झळकतात आणि आत पिशवीही खरोखर असते. पण तिला पेटवणारं कुणीच नसतं. चालक त्या अक्षरांवर विश्वास ठेवून बसतो. जानेवारी २०१४ मध्ये शून्य तारे मिळवणारी पोलो आणि ही पोलो यांत सुरक्षेच्या दृष्टीने काडीचाही फरक नसतो.

दुसरी फसगत उलट दिशेची. गाडीत एअरबॅग होती, पण नव्या स्टिअरिंगचा कपलर जुळला नाही, किंवा छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग लावण्यासाठी एअरबॅगच काढून टाकली. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटून राहतो. तो विझवण्यासाठी काही जण कपलरच्या दोन टोकांमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडतात. पेटव्याचा रोधही साधारण तेवढाच असतो. नियंत्रक बारीकसा विद्युतप्रवाह सोडून तो सतत तपासत असतो, आणि या रेझिस्टरने त्याची समजूत पटते. दिवा विझतो. या काही रुपयांच्या तुकड्याने गाडीने मालकाला द्यायचा इशारा कायमचा बंद केलेला असतो. पुढे गाडी विकली जाते आणि नव्या मालकाच्या कुटुंबाला याची गंधवार्ताही नसते. हे काम करून देणाऱ्याने त्या कुटुंबाचा विचार करायला हवा.

एअरबॅग हाताळण्याचे नियमही कडक आहेत, आणि त्यामागे कारण आहे. अपघातात बॅटरीची तार तुटली तरी एअरबॅग उघडावी, म्हणून नियंत्रकात थोडी वीज साठवलेली असते. त्यामुळे बॅटरी काढल्यावर लगेच हात घालायचा नसतो. काही कंपन्या ९० सेकंद थांबायला सांगतात, काही तीन मिनिटं. कपलर सुटा झाला की त्यातली पत्र्याची पट्टी दोन्ही टोकं आपोआप जोडते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने पेटवा पेटत नाही. पेटव्याचा रोध मल्टिमीटरने मोजायला जाणं म्हणजे त्यात वीज सोडणं. ते कधीच करायचं नाही. काढलेली एअरबॅग टेबलावर ठेवताना हॉर्नच्या पॅडची बाजू वर ठेवतात. पालथी ठेवलेली एअरबॅग चुकून उघडली, तर धातूची डबी उसळून अंगावर येते.

जुन्या बाजारातलं स्टिअरिंग

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. देशातल्या मोठ्या शहरांत तोडलेल्या गाड्यांचे भाग विकणारे असे बाजार आहेत आणि नव्या स्टिअरिंगची हौस बहुतेक वेळा तिथेच भागते. तिथलं कडं आणि आरे नीट पारखून घेता येतात. एअरबॅग डोळ्यांनी पारखता येत नाही. ती पुरात बुडालेल्या गाडीतली आहे का, आत पिशवी घडी घालून कुणी परत भरली आहे का, हे वरून कळत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये एनएचटीएसएने अमेरिकेतल्या गाडीमालकांना बनावट एअरबॅगविषयी सावध केलं होतं. वरचं आवरण आणि कंपनीचं चिन्ह हुबेहूब होतं, पण पिशवी धड उघडेल याची खात्री नव्हती.

अस्सल भागालाही वय असतं. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वर्षानुवर्षं खराब होत जातं, आणि मग पेटताना त्याची डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत बोलवाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडा आणि टोयोटा यांनी याच कारणाने गाड्या परत बोलावल्या. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ज्या गाडीने वर्षं काढली, तिच्या जुन्या एअरबॅगचा इतिहास विचारल्याशिवाय ती घेणं म्हणूनच धोक्याचं आहे.

भाग ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या मागचा क्रमांक. फोक्सवॅगन कुळात पहिली तीन अक्षरं मॉडेलचं कूळ सांगतात. मधल्या आकड्यांत ४१९ ०९१ असेल तर ते स्टिअरिंग, ८८० २०१ असेल तर ती चालकाची एअरबॅग. क्रमांकाच्या शेवटी लागलेलं एखादं अक्षरही महत्त्वाचं, कारण कपलर बदलला की ते बदललेलं असू शकतं. फोटो पाहून स्टिअरिंग मागवणारा फसतो, क्रमांक जुळवून मागवणारा सहसा फसत नाही.

कायदा काय म्हणतो

जर्मनीत हा प्रश्न स्पष्टपणे सोडवलेला आहे. वेगळं स्टिअरिंग लावायचं तर त्या भागाला त्या गाडीसाठी मंजुरी असली पाहिजे किंवा टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासून कागदपत्रांत नोंद करून घेतली पाहिजे. तसं केलं नाही तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच धोक्यात येते. एअरबॅग तिथे स्फोटक वस्तूंच्या कायद्याखाली येतात आणि प्रशिक्षित माणसानेच त्यांना हात लावायचा असतो.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालतं. नोंदणीत दिलेला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या वर्णनापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. आरसीवर स्टिअरिंगचा उल्लेख नसतो, त्यामुळे त्याच कंपनीचं, त्याच कुळातलं अस्सल स्टिअरिंग लावणाऱ्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही. पण १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीतली एअरबॅग काढून शोभेचं स्टिअरिंग लावणं म्हणजे ज्या अटीवर ती गाडी विकायला परवानगी मिळाली, ती अटच मोडणं. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला ते दिसेल तेव्हा उत्तर मालकालाच द्यावं लागेल.

मग करावं काय

ज्या जुन्या पोलोत मुळात एअरबॅग आहे, तिच्या मालकाला नवं स्टिअरिंग लावण्याचा मार्ग बंद नाही. त्याच पिढीतलं स्टिअरिंग, त्याला जुळणारी एअरबॅग, योग्य क्लॉक स्प्रिंग आणि स्कॅनरवर कोडिंग करू शकणारं गॅरेज, एवढं जमलं तर काम नीट होतं. खर्चाचा अंदाज काढताना फक्त स्टिअरिंगचा भाव धरायचा नाही, हे सगळं धरायचं. काम झाल्यावर स्कॅनर पुन्हा जोडून एअरबॅगच्या नियंत्रकात एकही दोष नोंदलेला नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि मूळ स्टिअरिंग घरी जपून ठेवायचं.

ज्या गाडीत एअरबॅगच नाही, तिच्यासाठी एअरबॅग नसलेलं पण चांगलं स्टिअरिंग घ्यावं, किंवा आहे त्याच्यावर चामड्याचं आवरण नीट शिवून घ्यावं. कुशल कारागीर जुन्या कड्यावर सुई-दोऱ्याने ओढून शिवलेलं चामडं इतकं घट्ट बसवतो, की ते कारखान्यातून आल्यासारखं दिसतं. हाताला नवेपण मिळतं आणि गाडीची कोणतीही यंत्रणा उघडावी लागत नाही.

आणि ज्याला जुनी गाडी विकत घ्यायची आहे, त्याने स्टिअरिंगकडे दोन मिनिटं जास्त पाहावं. चावी ऑन करून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघावा. एअरबॅगचा दिवा आधी पेटायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. गाडीत एअरबॅग असूनही तो पेटलाच नाही, तर बहुधा कुणीतरी तो बंद केला आहे. पेटून राहिला, तर यंत्रणेत दोष आहे. मात्र रेझिस्टर लावून गप्प केलेली गाडी या परीक्षेत उत्तीर्ण होते, म्हणून स्टिअरिंगची रचना त्या वर्षाच्या त्या श्रेणीतल्या गाडीशी जुळते का, हे कंपनीच्या माहितीपत्रकातल्या फोटोशी ताडून पाहावं. जुळत नसेल, तर पॅड उघडायला लावून एअरबॅगचा क्रमांक तपासावा, कपलर खरोखर जोडलेला आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्यावं, आणि त्यानंतरच भावाचं बोलावं.